घडी घातलेला कागद

विल्की कॉलिन्स याची ‘द वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकातून १८५९ च्या नोव्हेंबरपासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. मध्यरात्री निर्जन रस्त्यावर भेटणाऱ्या शुभ्रवस्त्रा स्त्रीच्या प्रसंगामुळे रहस्यकथांच्या वाचकांत तिची कीर्ती अद्याप टिकून आहे. तो प्रसंग उत्तम साधला आहे, हे आम्हीही मान्य करतो. तथापि ग्रंथाचे खरे मर्म त्या रस्त्यावर नसून ब्लॅकवॉटर पार्क येथील वाड्यात, टेबलावर पसरलेल्या एका कागदात आहे, असे आमचे मत आहे.

कर्जात बुडालेला सर पर्सिव्हल ग्लाइड आपली नवपरिणीत पत्नी लॉरा हिला साक्षीदारांसमक्ष बोलावतो व एका दस्तऐवजावर सही करण्यास सांगतो. कागदाला घड्या अशा घातलेल्या की, सहीपुरती जागा तेवढी दिसावी. आत काय लिहिले आहे, असे ती विचारते. समजावीत बसण्यास वेळ नाही आणि बायकांना व्यवहार कळत नाही, हे त्याचे उत्तर! वकील गिल्मोर आपणांस प्रत्येक कागद समजावून सांगत व तो आपणांस समजे, असे ती नम्रपणे म्हणते. त्यावर, तो तुझा नोकर होता, मी पती आहे, मजवर तसे बंधन नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. खलपुरुषाचे सारे अंतरंग कॉलिन्सने या एका उत्तरात उघडे केले आहे. लॉरा अखेर लेखणी टाकून निघून जाते. पुढे तिच्या दंडावर उमटलेले वळ आपणांस दिसतात. परंतु खरा प्रहार त्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. “तुला व्यवहारातले काय कळते?” हे वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतूनही किती लाडिकपणे उच्चारले जाते, हे वाचकांस सांगावयास नकोच.

सही मिळाली नाही, तेव्हा नावच पळविण्याचा कट होतो. लॉरा निपुत्रिक वारल्यास तिचे २० हजार पौंड पतीस मिळावे, ही अट तिच्या आळशी चुलत्याने विवाहाच्या वेळी मान्य केलेली असते. म्हणून तिच्याशी साम्य असलेली दुसरी स्त्री तिच्या नावाने पुरली जाते आणि ती स्वतः त्या दुसरीच्या नावाने वेड्यांच्या इस्पितळात पडते. सहीपासून नावापर्यंतचा हा प्रवास मोठ्या कौशल्याने रचलेला आहे.

दोष दाखवावयाचा तर तो असा. या कथेत अनेक निवेदक आहेत. स्वयंपाकीण बोलते, थडग्यावरील लेखही साक्ष देतो. परंतु लॉरास स्वतःची हकीकत सांगण्याची संधी एकदाही मिळत नाही. पर्सिव्हल आगीत मरतो, नायकाच्या शौर्याने तिचे नाव तिला परत मिळते आणि पतीच्या अधिकाराचा मूळ प्रश्न तसाच राहतो. इंग्लंडात विवाहितेस स्वतंत्र मालमत्तेचा पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला.

आज तो घडी घातलेला कागद क्रेडिट कार्डाच्या रूपाने घरात वावरत आहे. पत्नीच्या नावाने कार्ड काढावे, त्याचा गुप्त आकडा दटावून घ्यावा, खर्च आपण करावा आणि कर्ज मात्र तिच्या नावावर चढावे! लॉरापुढे निदान लेखणी ठेवावी लागत होती. नकाराचा एक क्षण तिला मिळाला. एकदा हाती लागलेल्या आकड्यास प्रत्येक खरेदीच्या वेळी मालकिणीची संमती विचारावी लागतेच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाने आपला गुप्त आकडा दुसऱ्यास देण्यासारखा निष्काळजीपणा केल्यास, बँकेस कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याच्याच माथी घातले. परक्या चोराच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. परंतु निष्काळजीपणाने सांगितलेला आकडा आणि भीतीने सांगितलेला आकडा यांतील भेद त्यात केलेला नाही. येथेही लॉराची हकीकत ऐकून घेण्यास कोणी नाही!

कायदा मात्र अगदीच आंधळा नाही. आपल्याकडील २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने आर्थिक छळास हिंसाचारातच गणले आहे. बँकेतील खाती चालविण्यास पतीस मनाई करण्याचा आणि झालेले नुकसान भरून देवविण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ साली एक पाऊल पुढे टाकून, दडपणाने काढविलेले बिनतारणी कर्ज पुराव्यानिशी सिद्ध झाल्यास ते पीडितेकडून वसूल होऊ नये, अशी तरतूद केली. म्हणून जिच्यावर हा प्रसंग येईल तिने प्रथम कार्ड बंद करवावे आणि बँकेस लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी. शरमेने गप्प राहण्यात पर्सिव्हलचाच लाभ आहे.

ही जुनी कादंबरी घरोघर पुन्हा वाचली जावी, अशी आमची शिफारस आहे. आणि वाचताना पतिराजांनी ग्रंथालयातील तो प्रसंग मोठ्याने वाचून दाखवावा. वाचता वाचता ज्याचा आवाज अडखळेल, त्याने कागदाची घडी स्वतःच्या हाताने उलगडावी.