रद्दीच्या तराजूत आपला इतिहास

जुन्या पुस्तकांची दुकाने बंद पडत आहेत, अशी हळहळ मराठीत वरचेवर व्यक्त होते. तिच्यात पिवळ्या पानांचा वास असतो, मुंबईत फाउंटनच्या पदपथावर सापडलेली दुर्मिळ आवृत्ती असते. नवे पुस्तक परवडत नाही म्हणून तिथे गेलेला माणूस मात्र तिच्यात नसतो. आमचा आक्षेप इथे आहे.

प्रस्थापितांच्या घरी पुस्तक वारशाने येते. आपल्याकडे ते दुसऱ्याने टाकल्यावर आले. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन सुमारे २००० जुने ग्रंथ जमवले. त्यांतले पुष्कळ गहाळ झाले. १९१७ मध्ये लंडनहून पाठवलेले सामान जहाजाबरोबर समुद्रात बुडाले. तरी ध्यास सुटला नाही. पुढे दादरला ग्रंथांसाठी 'राजगृह' उभे राहिले. जुने पुस्तक ही आपली हौस नव्हती, ते हत्यार होते.

माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. शाहूवाडीहून एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन बी.ए.ची पुस्तके निम्म्या किमतीत घेतली. पहिल्या पानावर परके आडनाव, समासात परक्या पेन्सिलीच्या खुणा. त्या खुणांनीच मला वाचायला शिकवले. आज माझ्या वर्गातल्या मुलांना ती वाट बंद होत आहे. अभ्यासक्रम बदलला की जुने पुस्तक बाद होते आणि भंगाराच्या गाडीत किलोवर जाते. मुलांच्या हाती उरतात झेरॉक्सच्या नोट्स आणि मोबाईलवरची सुटी पाने. परीक्षा सुटते, ग्रंथाशी झुंज होत नाही.

पण दोष एकट्या बाजाराचा नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर घेतलेल्या पुस्तिका, बंद पडलेली अनियतकालिके आपल्याच घरांतून रद्दीत जातात. कार्यकर्ता गेला की त्याची ट्रंक रिकामी होते. 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांचे अंक शासनाला १९९० मध्ये पुन्हा छापता आले, ते कुणीतरी जिवापाड जपले होते म्हणूनच.

दुकाने वाचवणे आपल्या हाती नसेल. एक कपाट ठेवणे आहे. विहारात, समाजमंदिरात, महाविद्यालयात. सोबत एक नोंदवही, आणि किल्ली एखाद्या विद्यार्थ्याकडे. आपला इतिहास इतरांनी दडपला, हे खरेच आहे. उरलेला आपण किलोने विकला, असे पुढच्या पिढीने म्हणू नये.