पायथॉनमधील नामांतर : एक अपुरी शुद्धी

पायथॉन या संगणकभाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या आज्ञावल्या तीत जशाच्या तशा चालणार नाहीत, हे तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून पत्करले होते. मोडतोड अटळच आहे, तर भाषेच्या प्रमाण संग्रहात साचलेला नावांचा गोंधळही त्याच वेळी निस्तरावा, हा विचार रास्तच होय.

त्यातील बराचसा भाग केवळ वर्णलेखनाचा. ‘क्यू’, ‘कॉन्फिगपार्सर’ या विभागांची मोठी रोमन अक्षरे लहान झाली. असे नामांतर निरुपद्रवी. जुने नाव सापडले नाही की यंत्र तत्काळ अडते व चूक उघड होते.

जुन्याच नावाला नवा अर्थ देणे ही गोष्ट मात्र निराळी. दुसऱ्या आवृत्तीत ‘इनपुट’ ही आज्ञा वापरणाऱ्याने टंकित केलेला मजकूर पदावली समजून तिचे मूल्य काढीत असे. मजकूर जसाच्या तसा देण्याचे काम ‘रॉ-इनपुट’चे. तिसऱ्या आवृत्तीत ‘रॉ-इनपुट’ हे नाव गेले आणि त्याचे काम ‘इनपुट’कडे आले. परिणामी ५ टंकित करून त्याला २ ने गुणले असता पूर्वी १० मिळत. आता अक्षरांची पुनरुक्ती होऊन ५५ मिळतात, आणि यंत्र तक्रार करीत नाही. तरीही हा बदल समर्थनीय ठरतो. परक्याने टंकित केलेली कोणतीही पदावली चालविणाऱ्या आज्ञेला ‘इनपुट’ हे भोळेभाबडे नाव शोभत नव्हते.

टीकेस पात्र आहे ते न झालेले नामांतर. शब्द अधोरेषेने जोडावेत, हा पायथॉनचा स्वतःचा नियम. परंतु ‘लॉगिंग’मधील ‘गेटलॉगर’ आणि ‘युनिटटेस्ट’मधील ‘सेटअप’, ‘असर्टईक्वल’ यांत जोडशब्दाचे मधले अक्षर मोठे. हा जावाकडून आलेला वारसा. चाचण्यांची नावे स्थिर असली म्हणजे स्थलांतरात चूक कोठली हे ताडून पाहता येते, असा बचाव ‘युनिटटेस्ट’पुरता करता येईल. ‘लॉगिंग’ला तो लागू पडत नाही. ‘थ्रेडिंग’मध्ये तर जुनी व नवी नावे शेजारी शेजारी नांदली, जुनी त्याज्य ठरविण्यास २०२१ उजाडले. दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी संपला. अकरा वर्षांच्या या स्थलांतराचा भुर्दंड भरलेल्या आज्ञावलीकारास ‘गेटलॉगर’मधील ते मोठे अक्षर आजही वेगळे लक्षात ठेवावे लागते.