देमारेतेचं नाणं: पुरावा कुठे संपतो आणि गोष्ट कुठे सुरू होते?

सिसिलीतल्या सिराक्यूस शहराचं दहा द्राख्मांचं एक चांदीचं नाणं आहे, वजन साधारण ४३ ग्रॅम. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, वर घोड्यांना मुकुट घालणारी विजयदेवता नीके आणि तळाच्या चिंचोळ्या पट्टीत धावणारा सिंह. दुसऱ्या बाजूला पानांचा मुकुट ल्यालेली स्त्री (बहुधा अरेथुसा) आणि भोवती चार डॉल्फिन. एवढ्याशा जागेत इतकं काही आहे, तरी गर्दी वाटत नाही.

या नाण्याची गोष्टही तितकीच देखणी. इ.स.पू. ४८० मध्ये सिराक्यूसचा हुकूमशहा गेलोन याने हिमेराच्या लढाईत कार्थेजला हरवलं. तहासाठी त्याची पत्नी देमारेते हिने मदत केली, म्हणून कार्थेजकरांनी तिला १०० टॅलेंटचा सोन्याचा मुकुट दिला आणि त्यातून 'देमारेतेइऑन' हे नाणं निघालं, असं दिओदोरस सांगतो. अभ्यासकांनी ते नाव या नाण्याला दिलं. मग सिंह म्हणजे आफ्रिका, अर्थात हरलेलं कार्थेज!

आता जरा थांबा. नाण्यावर देमारेतेचं नाव नाही, फक्त सिराक्यूसच्या लोकांचं आहे. मुकुट सोन्याचा, नाणं चांदीचं. आणि दिओदोरस लिहितोय घटनेनंतर चारेकशे वर्षांनी.

मग पुरावा काय? ठसे. नाणी हातोड्याने ठोकून पाडत. दोन बाजूंचे ठसे वेगवेगळ्या वेळी झिजत आणि बदलले जात, त्यामुळे एकच ठसा दोन जोड्यांत सापडला की त्या जोड्या एका साखळीत येतात. बोरिंगर यांनी १९२९ मध्ये सिराक्यूसच्या नाण्यांची अशी साखळी मांडली. पण साखळी फक्त क्रम सांगते, वर्ष नाही. वर्षासाठी तिला कुठेतरी खुंटीला बांधावं लागतं, आणि ती खुंटी होती दिओदोरसची गोष्ट. पुढे कॉलिन क्रे यांनी पुरलेल्या नाण्यांच्या साठ्यांचा आधार घेऊन हे नाणं इ.स.पू. ४६५ च्या आसपास आणलं.

पंधराच वर्षांचा फरक, त्यात काय एवढं? तर तोवर हुकूमशाही कोसळली होती. मग तेच नाणं गेलोनच्या विजयाचं न राहता नागरिकांच्या सत्तेचं ठरू शकतं. चित्र तेच, राजकारण मात्र उलटं.

खरी गंमत पुढे आहे. या नाण्याची तारीख पक्की धरून त्या काळच्या ग्रीक शिल्पांच्या शैलीचा काळ ठरवला गेला. आता कुणी 'शैली जुनी आहे, म्हणून नाणंही ४८० चंच' म्हणालं, तर ते गोल फिरणं झालं. ज्या मापाने फूटपट्टी आखली, त्याच फूटपट्टीने ते माप तपासल्यासारखं!

म्हणून संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्या आकड्यांची साखळी नेमकी कोणत्या खुंटीला बांधलीय? आणि ती खुंटी उपटली, तर साखळीतलं काय शिल्लक राहील? बोरिंगर यांच्या कामातला क्रम शिल्लक राहिला, आणि म्हणूनच ते आजही वाचावं लागतं.