'श्वास घेण्यास त्रास' : एका सूचनेची चिकित्सा

मॉर्फिनसारखी अफूवर्गीय वेदनाशामके घरी देताना रुग्णाच्या नातलगांस मराठीतून जी सूचना केली जाते, तिचे ठरावीक रूप 'श्वास घेण्यास त्रास झाल्यास डॉक्टरांना कळवावे' असे असते. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. अर्थदृष्ट्या मात्र ते वाचणाऱ्याचे लक्ष भलतीकडे वळविते.

दम लागणे, धाप लागणे, श्वास लागणे, ऊर धपापणे हे मराठीतील रूढ प्रयोग श्वासाच्या धडपडीचे वाचक होत. त्यांतील 'लागणे' हे क्रियापद, तहान लागणे, भूक लागणे ह्यांप्रमाणेच, अनुभव घेणाऱ्याची अपेक्षा करते. 'त्रास' तर भोगणाऱ्यावाचून संभवतच नाही. मॉर्फिनची मात्रा अधिक झाली म्हणजे घडते ते ह्याच्या विपरीत. मस्तिष्क-स्तंभातील श्वसनकेंद्रे रक्तात वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला पुरेसा प्रतिसाद देईनाशी होतात. श्वास विरळ व उथळ होतो, आणि गुदमरल्याची जाणीवही त्याच औषधाने बोथट होते. (असाध्य रोगातील धाप शमविण्यासाठी मॉर्फिन अल्प मात्रेत देतात, ते ह्याच गुणामुळे.) रुग्ण तक्रार करीत नाही. तो निजतो.

बुलढाणा जिल्ह्यातील वऱ्हाडी बोलीत अशा वेळी नातलग 'घोरून रायला' म्हणतील, आणि रात्रंदिवस कण्हणाऱ्या माणसास झोप लागली ह्याचे त्यांस समाधानच वाटेल. वस्तुतः हाका मारूनही न मोडणारी झोप व जड घोरणे हीच धोक्याची खूण होय. श्वासांची संख्या घटण्यापूर्वीच पुष्कळदा ती दिसू लागते. 'त्रास' शोधणाऱ्याच्या दृष्टीस ती पडणार नाही. ह्या जिल्ह्यात प्रश्नास आणखी एक बाजू आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या खारपाण पट्ट्यातील तालुक्यांत मूत्रपिंडविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत आले आहेत. खारे पाणी हेच त्याचे कारण मानावे काय, हा वाद निराळा. मॉर्फिनपासून शरीरात बनणारे मॉर्फिन-6-ग्लुकुरोनाइड हे प्रभावी द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुर्बळ असल्यास ते साचते, व काल सोसलेली मात्रा चार दिवसांनी जड होते.

पारिभाषिक 'श्वसन-अवसाद' हा प्रतिशब्द येथे उपयोगी नाही. 'अवसाद' म्हणजे खिन्नता, असाच बोध सामान्य वाचकास होईल. त्यापेक्षा 'हाक मारून, हलवूनही नीट जाग येत नसेल, किंवा श्वास फार सावकाश पडत असेल, तर पुढची मात्रा देऊ नये व तत्काळ दवाखान्यात न्यावे' हे लांबलचक वाक्य पत्करावे. त्यास 'दारू किंवा झोपेची गोळी सोबत देऊ नये' हेही जोडावे. नॅलोक्सोन हा ह्यावरील उतारा. परंतु त्याचा अंमल बहुधा मॉर्फिनच्या आधी ओसरतो. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णास लगेच घरी आणणेही धोक्याचे ठरते, आणि 'उतारा दिला' एवढ्याने निर्धास्त होणाऱ्या कुटुंबास हे वेगळे सांगावे लागते. तथापि वेदनेच्या मानाने हळूहळू वाढविलेल्या मात्रेत असा प्रसंग क्वचितच येतो, हे सूचनेत न लिहिल्यास भयाने गोळीच बंद होईल, व रुग्ण पुन्हा कण्हू लागेल.