'अ वेन्सडे' आपल्याला कशाची खात्री देतो?

दहशतवादी हल्ल्याची बातमी आली की 'अ वेन्सडे'मधला नसीरुद्दीन शाहचा मोनोलॉग अजूनही माझ्या फोनवर येतो. नीरज पांडेचा हा २००८ चा सिनेमा मलाही आवडतो. का आवडतो, हा प्रश्न मात्र त्रास देतो.

एक 'कॉमन मॅन' मुंबईत बॉम्ब पेरल्याची धमकी देऊन चार दहशतवाद्यांना तुरुंगाबाहेर काढायला लावतो आणि तिघांना स्फोटात उडवतो. चौथ्याला पोलीसच गोळ्या घालतात, वर स्वसंरक्षणाचा देखावा करतात. आपण टाळ्या वाजवतो. कारण चौघं दोषीच आहेत, हे सिनेमाने आधीच ठरवून दिलेलं असतं. कोर्ट नकोच.

सिनेमातल्या रागामागे ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट आहेत. १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये बाराजण दोषी ठरले, पाचजणांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यातला एकजण तोवर तुरुंगातच वारला होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००६ च्याच मालेगाव स्फोटात पकडलेले मुस्लिम पुरुष २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले.

सिनेमातली ही खात्री आपल्याला रोज चॅनलवरही मिळते. अटकेच्या दिवशीच 'मास्टरमाइंड' ठरतो, 'संशयित' हा शब्द गळून पडतो. प्रचारसभेत 'घरात घुसून मारू' म्हटलं की पुरावा मागणाराच संशयित होतो. दहा वर्षांनी सुटका झाली, तर तिची बातमी अटकेच्या बातमीइतकी वाजत नाही. म्हणून आपल्या डोक्यात अटकच राहते.

सिनेमा एक गोष्ट हुशारीने करतो. कॉमन मॅनचं नाव सांगत नाही, कारण नावात लोक धर्म शोधतात. पण इब्राहिम खान, इखलाक अहमद, मोहम्मद झहीर, खुर्शीद लाला ही नावं आपण सिनेमाभर ऐकतो. ज्याच्या बाजूने उभं राहायचं, त्याला नावापासून सुटका आहे. ज्यांना मारायचंय, त्यांना नाही.

लोकलमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांना या खात्रीतून काय मिळालं? चुकीचा माणूस पकडला गेला, तर खरा मोकळाच राहतो. पुरावा मागणं ही आरोपींवरची मेहेरबानी नाही. त्या घरांना उत्तर मिळण्याचा तोच एक मार्ग आहे.