गळ्यामागील लेखणी

नॉर्विचची कॅथी डेनिस १९९१ सालीं 'टच मी' या गाण्यानें अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत दुसऱ्या क्रमांकास पोहोंचली. पुढें तिनें रंगमंच सोडून इतरांसाठीं गीतें रचावयास घेतलीं. ही माघार होती असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या पहिल्या यशाचींच कडवीं पाहा : दुसऱ्याच्या जुन्या गीतांत तिनें तीं नव्यानें लिहून घातलीं होतीं! आवाज गोड, पण चारचौघींसारखा. कारागिरी मात्र तेव्हांच डोकावत होती.

कायली मिनोगच्या 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड' (२००१) या गीताची रचना व संगीतनिर्मिती तिनें रॉब डेव्हिसच्या साहाय्यानें केली. निरर्थक अक्षरांच्या आवर्तनानें त्याचा आरंभ होतो, आणि शब्दांना जें सांगावयाचें तें त्या अक्षरांनीं आधींच सांगितलेलें असतें. याहून काटकसरीची रचना आम्हांस आठवत नाहीं.

ब्रिटनी स्पिअर्सच्या 'टॉक्सिक'ला २००५ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. तेंही कॅथीनें, तिघां स्वीडिश सहकाऱ्यांसह, रचलेलें. पण त्यांतील कानांत घुमणारे व्हायोलिनांचे सूर 'एक दूजे के लिये' (१९८१) या चित्रपटांतील, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनीं बांधलेल्या व लता मंगेशकरांनीं गायिलेल्या द्वंद्वगीतांतून घेतलेले आहेत. ब्रिटनीच्या श्रोत्यांपैकीं कितीजण कॅथीस ओळखतात? आणि कॅथीस ओळखणाऱ्यांपैकीं कितीजण प्यारेलालांस?