हैदराबादची ममी: राजकन्या कोणी केली?

आमचा आळंद तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे मादन हिप्परग्याच्या माणसाला बाग-ए-आममधलं पुरातत्त्व संग्रहालय परकं वाटत नाही. बहुतेक लोक तिथे जातात ते इजिप्तची ममी बघायला. मीही गेलो. पाहून झाल्यावर डोक्यात राहिला तो एकच प्रश्न: या बाईला राजकन्या कोणी केलं?

हकीकत अशी सांगतात. सहावे निजाम महबूब अली खान यांचे जावई नजीर नवाज जंग यांनी ती १००० पौंडांना विकत घेतली, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना भेट दिली, आणि १९३० मध्ये ती संग्रहालयाकडे आली. इथवर ठीक. पण पुढे म्हणतात, ही सहाव्या फेरोची मुलगी, नाव नाइशू. आणि काळ देतात इ.स.पू. ३०० ते १००!

आता हिशेब करू. पहिल्या फेरोपासून मोजलं तर सहावा येतो पहिल्या राजवंशातला, म्हणजे या ममीच्या अडीच हजारांहून जास्त वर्षं आधीचा. तो बाप होऊच शकत नाही. मग सहावा टॉलेमी धरायचा? त्याची कारकीर्द इ.स.पू. १८० ते १४५, काळ जुळतो. पण ते घराणं ग्रीक. त्याच्या इतिहासाला माहीत असलेल्या मुली म्हणजे क्लिओपात्रा थिआ आणि तिसरी क्लिओपात्रा. नाइशू नावाची मुलगी त्यात कुठे बसते? २०१६ मध्ये ममीचा सीटी स्कॅन झाला. स्कॅनमध्ये हाडं दिसतात, वयाचा अंदाज येतो. बापाचं नाव हाडांवर लिहिलेलं नसतं.

जतनाचं काम मात्र चोख आहे, ते मनापासून सांगतो. नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत ममी ठेवली आहे. प्राणवायू नाही म्हणजे कीड नाही, बुरशी नाही, कापडाचं जळणं-कुजणंही मंदावतं. पंप आणि सील यांत निम्मा जन्म घालवलेल्या माणसाला कळतं की अशी पेटी बनवण्यापेक्षा ती वर्षानुवर्षं हवाबंद राखणं अवघड. देहाची इतकी काळजी घेता, तर ओळखीचीही तेवढीच घ्या की.

आमच्याकडे लिंगायत मंडळी मृताला बसलेल्या स्थितीत पुरतात. एकदा माती टाकली की तो चेहरा पुन्हा कोणी बघत नाही. आळंदला लाडले मशाइकांच्या दर्ग्यात शिरताना आपोआप डोकं झाकलं जातं, आवाज खाली येतो. काचेच्या पेटीपुढे तसं होत नाही, आणि त्याचा दोष एकट्या पोरांच्या मोबाइलला देता येणार नाही. ‘राजकन्या’ म्हटलं की ती गोष्टीतली होते. ‘एक बाई’ म्हटलं असतं तर कदाचित कोणी क्षणभर थबकलं असतं.

शिवाय इजिप्तशी आपलं नातं काय निजामाच्या जावयापासून सुरू झालं? इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ लिहिलं. त्यात पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर आहे. तगर म्हणजे आपलं तेर, आळंदहून काही फार लांब नाही. तिथला माल भडोचच्या बंदरात उतरायचा आणि पुढे समुद्राने जायचा. ममीशेजारी या वाटेचा एक नकाशा लावायला किती खर्च येईल?

पाटीवर माझ्या मते एवढंच पुरे: इजिप्तमधली एक तरुण स्त्री, टॉलेमी घराण्याचा काळ. खाली खरेदीची रक्कम. आणि १००० पौंड लिहायचे असतील, तर ते कोणाला दिले हेही शोधून लिहा.